कुलपामागचा डबा

"चावी हरवलीय," लोखंडे म्हणाले.

मी कुलपाकडे पाहिलं. कुलूप जुनं, पितळी होतं, पण कडीला नुकतंच तेल घातलेलं. तेलाचा एक ओघळ दारावर उतरला होता आणि तो अजून ओला होता.

"कधी हरवली?"

"लई दिवस झाले. ह्या खोलीत कोण येतंय मॅडम? जुनी दप्तरं हायत नुसती. उंदरं आणि धूळ."

"मग तेल कोणी घातलं?"

त्यांनी कुलपाकडे असं पाहिलं, जणू ते तिथे आहे हे त्यांना आत्ताच कळत होतं. "घातलं असंल कुणी तरी," म्हणाले आणि चालायला लागले. चालताना त्यांचा डावा हात शर्टाच्या खिशावर होता. वाकताना खिशातलं काही पडू नये म्हणून माणूस ठेवतो, तसा.

दिगंबर लोखंडे हे त्या दूध संघातले टेलिफोन, इंटरकॉम आणि कॉम्प्युटरच्या तारा बघणारे गृहस्थ. सगळा संघ त्यांना अण्णा म्हणायचा. मी मात्र मुद्दाम 'लोखंडे' म्हणत होते. ज्याच्यावर संशय घ्यायचा त्याला अण्णा कसं म्हणायचं?

संघ कृष्णाकाठचा, नाव सांगत नाही. तिथलं सगळं नेटवर्क आमच्या पुण्याच्या कंपनीने बसवलं होतं. टँकरचे वजनकाटे, प्रयोगशाळा, पॅकिंगची मशिनं, सगळं एकमेकांशी तारांनी जोडलेलं. आणि गेले काही आठवडे रोज दुपारी जेवणं झाली की ते सगळं एकदम मुकं व्हायचं. पिशवी अर्धी भरून थांबायची, काट्यावरचा आकडा गोठायचा, बाहेर टँकर उन्हात उभे. मिनिटभराने आपोआप सुरू. थोड्या वेळाने पुन्हा एकदा तसंच. मग उद्यापर्यंत काही नाही.

"मशीन असं घड्याळ लावून बिघडतं का?" सरनोबत साहेब पहिल्याच दिवशी मला म्हणाले होते. ते संघाचे कार्यकारी संचालक. "हे माणसाचं काम आहे. तुमची कंपनी आली तेव्हा अण्णाची किंमत कमी झाली, ते त्याला झोंबलंय. शनिवारी संचालक मंडळाची बैठक आहे. मला त्याआधी पुरावा द्या, मी त्याला घरी पाठवतो."

पुण्याच्या ऑफिसातून आमचा हृषीकेशही तेच म्हणत होता. "शलाका, तिथे जाऊन फार संशोधन करू नकोस. माणूस पकड आणि परत ये. नाहीतर आपल्यावर येईल."

माझी मुक्ता तेव्हा आठ महिन्यांची होती. तिला पहिल्यांदाच सोडून मी बाहेरगावी आले होते. ती पुण्यात माझ्या सासूबाईंजवळ. मी नुकतीच रजेवरून रुजू झालेली, आणि ऑफिसात सगळे माझ्याकडे 'हिला आता जमेल का' अशा नजरेने बघायचे. त्यामुळे मलाही माणूस पकडायचाच होता.

सकाळी संघाच्या गेटवर रखवालदार आकाराममामांनी माझा डबा उघडून नाकाशी नेला होता.

"दहीभात," मी म्हणाले.

"दही चालतंय. दूध न्हाई चालत."

"दुधाच्या कारखान्यात दूध कोण आणणार मामा?"

"आणत न्हाईत मॅडम. न्हेत्यात." त्यांनी अभिमानाने मिशीवरून बोट फिरवलं. "पाण्याच्या बाटलीतनं न्हेत्यात, थर्मासातनं न्हेत्यात. एकानं तर पोटाला शेकायची पिशवी बांधली हुती. भरली हुती काठोकाठ! मी म्हटलं, पोट दुखतंय व्हय रं? दाब बघू." ते खो खो हसले. मागे फलक होता: संघाच्या आवारातून दूध बाहेर नेणे हा गुन्हा समजला जाईल.

मी हसले. दुपारपर्यंत माझंच अंग ठणकायला लागलं, तेव्हा ते हसू आठवलं. छाती दगडासारखी झाली होती. मुक्ताच्या प्यायच्या वेळा माझ्या शरीराला पाठ होत्या. मी तिच्यापासून किती लांब आहे हे त्याला कोण सांगणार? संध्याकाळी विश्रामगृहाच्या मोरीत मी हाताने दूध काढलं आणि नळ सोडला. त्या पांढऱ्या पाण्याकडे बघवेना.

पण संशयाचं सांगत होते.

स्विच म्हणजे तारा जोडायचा डबा. असे बरेच डबे कड्यासारखे जोडले, की एकच निरोप त्या कड्यात गोल गोल फिरत राहण्याची भीती असते. म्हणून ते आपसात एकाला मुख्य मानतात. आमच्या भाषेत रूट. सगळ्यांचे रस्ते त्याच्यापासून मोजले जातात, आणि कडं एका ठिकाणी मुद्दाम तोडून ठेवलं जातं. मुख्य गेला, की बाकीचे सगळे हातातलं काम टाकून नवा मुख्य निवडतात. ते होईपर्यंत शुकशुकाट. तो परत आला, की पुन्हा तेच. म्हणून मुख्य कोण हे माणसाने ठरवायचं असतं. प्रत्येक डब्याला एक आकडा द्यायचा. ज्याचा आकडा लहान, त्याचा मान मोठा.

संघात हा मान ऑफिसातल्या मोठ्या स्विचचा असायला हवा होता. मी त्याला विचारलं तेव्हा त्याने भलत्याच कुणाचं तरी नाव सांगितलं. आमच्या कागदोपत्री नसलेल्या एका डब्याचं.



"कोणीतरी गुपचूप एक स्विच घुसवलाय," मी हृषीकेशला फोनवर म्हटलं. "आणि सगळे त्यालाच मुख्य मानतायत. तो बंद केला की संघ बंद."

"बघ! मी म्हणत नव्हतो?"

"पण आपल्या मोठ्या स्विचला आकडाच दिलेला दिसत नाही. कारखान्यातून आला तसाच आहे."

"दिला होता आपण. त्या लोखंडेने पुसला असेल. पासवर्ड त्याच्याकडेही होता ना?"

होता. मग मला सगळंच पटत गेलं. संशयाचं असंच असतं, एकदा बसला की समोर येईल ते गिळत सुटतो.

त्या अनोळखी डब्याची तार मी धरून निघाले. ऑफिस, मग प्रयोगशाळेची इमारत, तिथला मागचा व्हरांडा, आणि शेवटी ते तेल घातलेलं कुलूप.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जिन्याच्या वळणावर उभी राहिले. जेवणाची भांडी घासल्याचे आवाज थांबले. लोखंडे आले. त्यांनी व्हरांड्यातली खुर्ची ओढून बरोब्बर त्या दारासमोर ठेवली आणि वर्तमानपत्र उघडून बसले. पान काही उलटेना. कोणी झाडूवाली त्या बाजूला वळली तर म्हणायचे, "हिकडं नको गं, फरशी ओली हाय." फरशी कोरडी ठाक होती.

आणि पलीकडे पॅकिंगच्या हॉलमधून ओरडा आला. "गेलं! परत गेलं!"

लोखंडे जागचे हलले नव्हते. हात वर्तमानपत्रावर. म्हणजे मी यायच्या आधीच दुसरं कोणीतरी आत शिरलं होतं, आणि हे बाहेरून कुलूप लावून पहारा देत होते.

मी ते सरनोबत साहेबांना सांगितलं. सांगताना मला विजयाचा आनंद झाला, हे खोटं कशाला बोलू?

"झालं तर," ते म्हणाले. "उद्या तिसऱ्या पाळीला मी स्वतः येतो. आकारामला हातोडा आणायला सांगतो. कुलूप फोडू, आतला कोण ते बघू, आणि दोघांनाही शनिवारी कागद हातात देऊ. तुम्ही ऑफिसात बसा. स्विच गेला, की मला फोन करा."

"तिसऱ्या पाळीला नको साहेब, दुपारीच..."

"दुपारीच म्हणतोय. माझ्या हिशेबी तीच तिसरी पाळी. पहिली जेवणाआधी, दुसरी जेवणाची, तिसरी झोपेची!" आपल्याच विनोदावर ते खूष झाले.

तो तिसरा दिवस. सकाळपासून बैठकीवर बैठक. पशुवैद्यक, हिशेबनीस, वाहतूकवाले, प्रत्येकाला आपापलं गाऱ्हाणं मला ऐकवायचं होतं. मला उठताच येईना. खुर्चीत बसल्या बसल्या कळलं की कुडता भिजतोय. मी ओढणी सावरली, दोन्ही हात घडी घालून छातीशी धरले आणि कशीबशी बाहेर पडले. बायकांचं प्रसाधनगृह त्याच मागच्या व्हरांड्यात होतं. तिथे पोचले तर दाराला आतून कडी, आणि सफाईची बाई ओरडली, "अ‍ॅसिड टाकलंय, येऊ नगा!"

मी वळले. लोखंडे खुर्चीत होते. त्यांनी वर्तमानपत्रावरून माझ्याकडे पाहिलं, माझ्या घडी घातलेल्या हातांकडे पाहिलं आणि चटकन नजर फरशीवर नेली.

"बाळ केवढं हाय ताई?"

तीन दिवसांत पहिल्यांदा ते मला मॅडम न म्हणता ताई म्हणाले.

"आठ महिन्यांचं," मी म्हणाले.

ते उठले. शर्टाच्या डाव्या खिशातून त्यांनी ती हरवलेली चावी काढली, दारावर हलकेच टकटक केली आणि दाराला तोंड लावून म्हणाले, "तबस्सुम, मी हाय गं. भिऊ नको. माझ्याबरुबर एक आई हाय."

कुलूप आवाज न करता उघडलं. तेलाचं कारण मला तेव्हा कळलं.

आत रॅकवर दप्तरांचे लाल गठ्ठे, एक गजांची खिडकी, आणि खिडकीखाली स्टुलावर एक मुलगी. हो, मुलगीच. प्रयोगशाळेचा पांढरा कोट, त्यावरून ओढणी पसरलेली, आणि ओढणीखालून एका छोट्या मशीनचा घुर्र घुर्र आवाज. मला पाहून ती उठायला गेली.

"बसा, बसा," मी म्हणाले.

"कुणाला सांगू नका मॅडम. रोजंदारीवर हाय मी. बाळ दोन म्हयन्याचं हाय हे हितं ठाव न्हाई. कळलं तर म्हंतील, जा, मोठं झाल्यावर ये. तवर जागा राहतीय व्हय?"

मी तिच्याकडे बघत नव्हते. मी भिंतीकडे बघत होते. भिंतीवर एक राखाडी डबा होता, आमची कंपनी संघात यायच्या कितीतरी आधीचा. त्याचे दिवे विझलेले होते. त्याची पिन खाली लोंबत होती, आणि खोलीतल्या एकुलत्या एका सॉकेटमध्ये त्या छोट्या मशीनची पिन होती.

"ही पिन तुम्ही काढता?"

"दूध काढायचं मशीन लावायला. अण्णा म्हणाले, जुनं हाय, बंदच हाय." ती घाईने पुढे म्हणाली, "पर मी परत लावून जाते हां मॅडम! रोज. एक दिवस इसरले न्हाई."

काढली की संघ एकदा थांबत होता. ती आठवणीने परत लावायची, म्हणून दुसऱ्यांदा.

पॅकिंगच्या हॉलमधला ओरडा आता भिंतीपलीकडून ऐकू येत होता. ऑफिसातून मी फोन करायचा होता. मी केला नव्हता, पण त्यांना फोनची गरज नव्हती. व्हरांड्यात बुटांचे आवाज आले.

"साहेब येतायत," मी म्हणाले. "कुलूप फोडायला. मीच सांगितलंय त्यांना."

तबस्सुमचा चेहरा पांढरा पडला. अण्णा बाहेर दारात उभे होते. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं, आणि मग दार बाहेरून ओढून घेतलं. मी आतून कडी लावली.

"अण्णा, बाजूला व्हा," सरनोबत साहेबांचा आवाज. "आकाराम, हातोडा कुठाय? अरे, कुलूप तर उघडंच आहे! आत कोण आहे?"

तबस्सुमने माझा हात धरला. 

"मी आहे साहेब," मी ओरडून म्हणाले. "शलाका."

"तुम्ही? आत काय करताय?"

मला दुसरं काही सुचलंच नाही. सुचलं असतं तरी ते खोटं असतं.

"बाळाचं दूध काढतेय."

बाहेर अशी शांतता पसरली, की मशीनचा घुर्र घुर्र आवाज सगळ्यांना ऐकू गेला असेल.

"काय?" साहेब म्हणाले.

"साहेब," अण्णांचा आवाज, अगदी हळू, "चला की. बाईमाणूस हाय आत."

बूट परत गेले. हातोडा कुठेतरी फरशीवर टेकल्याचा आवाज आला. तबस्सुम ओढणी तोंडात कोंबून हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग आम्ही दोघींनी आळीपाळीने ते मशीन वापरलं. तिची बाटली भरली तेव्हा तिने ती उचलून खिडकीच्या गजांबाहेर ओतायला हात नेला.

"हे काय करताय?"

"रोज ओततेच. गेटवर आकाराममामा बाटली बघत्यात. दूध दिसलं की चोरी. माझंच हाय म्हणून कसं सांगू? तिथं ड्रायव्हर, हमाल, पंधरा गडी उभे असत्यात." ती बाटलीकडे बघत राहिली. "दिसभर दुसऱ्याच्या दुधाचं फॅट काढते मॅडम. पोरगं घरात डब्यातली पावडर पितंय."

"आज ओतू नका," मी म्हणाले. पुढे काय करायचं ते मलाही माहीत नव्हतं.

ऑफिसात जाऊन मी मोठ्या स्विचसमोर बसले. त्याच्या सेटिंगला शेवटचा हात कधी लागला, ते त्यालाच विचारलं. बसवल्या दिवसानंतर कोणीच काही बदललं नव्हतं. अण्णांनी आकडा पुसला नव्हता. पुसायला आकडा मुळात दिलेलाच नव्हता. आमच्या माणसांनी जुना डबा कड्यातून काढलाही नाही आणि नव्याला मान दिलाही नाही. सगळ्यांचे आकडे सारखे पडले, आणि आकडे सारखे पडले की हे डबे कारखान्यातच मिळालेल्या आपापल्या जन्मनंबराकडे बघतात. ज्याचा सगळ्यात लहान, म्हणजे बहुतेक वेळा जो सगळ्यात जुना, तो मुख्य. कुलपामागे, धुळीत, कोणाच्या ध्यानीमनी नसताना.

मी मोठ्या स्विचला सगळ्यात लहान आकडा दिला. पॅकिंगवाल्याला दुसरा, म्हणजे हा पडला तर तो उभा राहील. मग साहेबांना बोलावलं.

ते आले, पण माझ्याकडे बघेनात. छताकडे बघत म्हणाले, "बोला."

"अण्णा, तो जुना डबा बंद करा," मी इंटरकॉमवर सांगितलं. पहिल्यांदा 'अण्णा' म्हणाले.

पलीकडे पॅकिंगची मशिनं चालू राहिली. पिशव्या धपाधप पडत होत्या. "आता परत चालू करा." पिशव्या पडतच राहिल्या.

"म्हणजे रोज तो डबा कोणीतरी बंद करत होतं," साहेब म्हणाले. "कोण?"

"वीज गेली असती, उंदराने वायर कुरतडली असती, तरी हेच झालं असतं. प्रश्न तो नाही साहेब. असल्या डब्यावर अख्खा संघ उभा होता, हा प्रश्न आहे."

"त्याला मुख्य केलं कोणी?"

"कोणीच नाही. ते ठरवायचं काम आमच्या कंपनीचं होतं. राहिलं. मी तसं लेखी देते."

"तुमच्यावर येईल."

"येऊ दे."

ते पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघत राहिले. "आणि अण्णा दुपारभर तिथे खुर्ची टाकून काय करत होता?"

मी लॅपटॉप मिटला. त्यांनी तोंड उघडलं, दुपारचा तो व्हरांडा बहुधा त्यांना आठवला, आणि तोंड मिटून घेतलं. "राहू द्या," म्हणाले. "नको मला ते."

संध्याकाळी मी पुण्याला निघाले. गेटवर पाळी सुटलेल्यांची रांग होती. तबस्सुम माझ्या मागे दोन माणसं सोडून, पर्स पोटाशी धरलेली. अण्णा सायकल धरून तिच्या मागे. आकाराममामांनी माझी पिशवी उघडली आणि बर्फाच्या पाकिटांमधून बाटली वर काढली. त्यांनी ती उजेडात धरली. सगळी रांग बघायला लागली.

"मॅडम," ते फार वाईट वाटल्यासारखे म्हणाले, "हे दूध हाय."

"हो."

"बाहीर न्हेता येत न्हाई."

"मामा, हे संघाचं नाही. माझं आहे. माझ्या मुलीसाठी." मी आवाज खाली आणला नाही. "दुपारी हातोडा घेऊन आला होतात ना, तेव्हाचं."

कोणीतरी खोकलं. आकाराममामांचे कान लाल झाले. ती बाटली आता हातात ठेवावी की खाली ठेवावी, त्यांना कळेना. एवढ्यात मागची तबस्सुम रांग सोडून पुढे आली. पर्स उघडली, रुमालात गुंडाळलेली बाटली काढली आणि माझ्या बाटलीशेजारी त्यांच्या टेबलावर ठेवली.

"आन् हे माझं," ती म्हणाली. आवाज रांगेच्या टोकापर्यंत गेला. "माझ्या पोराचं."

मागे साहेबांची गाडी येऊन थांबली होती. हॉर्न वाजला. काच खाली झाली. "आकाराम, काय गर्दी केलीय? काय सापडलं?"

आकाराममामांनी दोन्ही बाटल्यांकडे पाहिलं. मग अण्णांकडे. अण्णा सायकलच्या घंटीला बोट लावून उभे होते.

"काही न्हाई साहेब," आकाराममामा ओरडून म्हणाले. त्यांनी तबस्सुमची बाटली रुमालात परत गुंडाळली, माझी बर्फात नीट रोवली आणि दोन्ही आमच्या हातात दिल्या. "घरचं दूध हाय. घरी चाललंय."

आणि त्यांनी फाटक उघडलं.